कंट्रोलचे उंदीरच लवकर उठले

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी हातात घेतलेला प्रश्न कागदावर अगदी सोपा दिसत होता: निलगिरीचं तेल काही दिवस पोटात गेलं, तर यकृत इतर औषधं जास्त झपाट्याने निकालात काढतं का? या तेलातला मुख्य घटक सिनिऑल. तो यकृतातली सायटोक्रोम पी-४५० ही औषधं फोडणारी एन्झाइम वाढवतो, एवढं वाचलेलं होतं. मला ते मोजून दाखवायचं होतं.

तेव्हाच एक गोष्ट डोक्यात नीट बसवून घ्यावी लागली, कारण घरचे सगळे तीच गल्लत करायचे. ‘तेलाने लिव्हरची एन्झाइम वाढतात’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे रक्ततपासणीतला वाढलेला एसजीपीटी येई. ते एन्झाइम पेशीच्या आतलं. पेशी दुखावली की रक्तात गळतं. पी-४५० मात्र यकृतातले कामगार. त्यांची भरती वाढली तरी रक्ताचा रिपोर्ट तसाच राहू शकतो. माझ्या उंदरांत झालंही तसंच, एसजीपीटी सगळ्यांचा जागच्या जागी. (म्हणजे तेल निर्धोक, असं मात्र नाही. लवंग तेल लहान मुलांनी चुकून प्यायल्यावर यकृताला जबर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यावर पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचंच औषध, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, वापरलं गेलंय. पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीतल्या झाडाच्या तेलात तर यकृताची एन्झाइमच त्यातल्या पुलेगोन नावाच्या घटकापासून विषारी पदार्थ तयार करतात.)

मोजायची पहिली पद्धत जुनी आणि गमतीदार: झोप. उंदराला पेंटोबार्बिटल टोचायचं, पेंगला की उताणा ठेवायचा आणि तो स्वतःहून पालथा होईपर्यंत घड्याळ लावून बसायचं. यकृत औषध जितकं लवकर फोडेल तितकी झोप कमी. तेलाचा शेवटचा डोस आदल्या दिवशीच संपवायचा, नाहीतर तेलाची स्वतःची गुंगी त्यात मिसळते.

निलगिरी तेलाचा गट लवकर उठला. मी खूश. मग कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठीचा गट, ज्याला नुसतं साधं खाद्यतेल पाजलं होतं, तोही जवळजवळ तेवढ्याच वेळात उठून बसला. माझ्या गाइड मॅडमच्या जुन्या वहीत याच डोसला तासाभराच्या वर नोंदी होत्या. माझे पाऊण तासातच मिशा पुसायला लागले. डोस चुकला असेल म्हणून पुन्हा वजनं केली, औषधाची नवी बाटली फोडली. फरक शून्य.

मग यकृतच बघायचं ठरलं. बर्फाच्या ताटलीत धुतलेलं यकृत, कुटायची काचेची नळी, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवणं: आधी दहा हजार जी (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट), मग वरचं द्रव एक लाख जी वर तासभर. नळीच्या तळाशी लालसर तपकिरी, जेलीसारखी गोळी बसते, ती मायक्रोसोम, म्हणजे पेशीतल्या पडद्यांचे तुकडे, ज्यांत पी-४५० असतं. त्यात डायथायोनाइट हे रसायन घालून कार्बन मोनॉक्साइड सोडला की प्रकाश शोषणाच्या आलेखात ४५० नॅनोमीटरला शिखर दिसतं. पी-४५० हे नाव त्यावरूनच. माझं पहिलं शिखर ४२० ला आलं. एन्झाइम मेलं होतं, कारण बर्फ वितळला आणि मी चहाला गेले होते. दुसऱ्या खेपेला ४५० ला आलं, आणि कंट्रोलचं शिखर तेलाच्या गटाच्या खांद्याला खांदा लावून उभं.

दोन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होते. मग एका संध्याकाळी प्राणिगृहात मॅडम आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “किती छान वास येतो गं इथे. कसला?”

पिंजऱ्यांतल्या भुशाचा. पाइनच्या लाकडाचा ताजा भुसा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडायचा.

मॅडमनी मग १९६७ चा शोधनिबंध काढून दिला. एलियट व्हेसेल यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं होतं की लाल सीडार किंवा पाइनच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांत औषधं फोडणारी एन्झाइम वाढतात आणि झोप आखडते. बीच, बर्च, मेपल अशा कठीण लाकडाच्या भुशाने ते होत नाही. मऊ लाकडातून उडणारी तेलं उंदीर चोवीस तास हुंगतात, अंगावरची चाटतात. म्हणजे माझा कंट्रोल कधी कंट्रोल नव्हताच. एक गट निलगिरी पीत होता आणि दोन्ही गट पाइनमध्ये लोळत होते. इतके महिने मी तेलावर तेल मोजत होते.

नीतिमत्ता समितीकडे पुन्हा अर्ज, जास्तीचे उंदीर का हवेत याची तीन पानं, त्यावर एक प्रश्नावली, तिच्यावर आणखी एक. हे सगळं उरकायला खुद्द प्रयोगापेक्षा जास्त वेळ गेला. भुसा बदलून कागदाच्या कातरणांवर आणलं, नवे उंदीर तीन आठवडे तसेच राहू दिले. घाई करायची खूप इच्छा होती. मॅडमनी करू दिली नाही.

दुसऱ्या फेरीत कंट्रोलचा पहिला उंदीर एक तास झाला तरी उताणाच. मी जेवण सोडून त्याच्या पोटाची हालचाल बघत बसले, श्वास चालू आहे ना म्हणून. सत्तर मिनिटांनी त्याने एक कुस बदलली. तेलाचा गट त्याच्या कितीतरी आधी उठून पाणी प्यायला गेला होता.

कातरणं बदलायला आलेले काका दारातून नाक मुरडत म्हणाले, “ताई, आता खोलीला नुसता उंदरांचा वास येतो.”

“येऊ द्या,” मी म्हटलं आणि वेळ वहीत लिहिली.