बाल्टियसने तीन रात्री अडवून ठेवलं: माझा अनुभव

आर्मर्ड कोर ६ हा पार्ट्स जोडून रोबोट बनवायचा आणि त्यातून लढायचा गेम मी पूर्ण केलाय, तिन्ही शेवट बघितलेत (त्यासाठी गेम तीनदा खेळावा लागतो), पण आजही कोणी या गेमचं नाव काढलं की मला पहिल्या चॅप्टरच्या शेवटचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, बाल्टियस आठवतो आणि डोकं तापतं. कोणी आत्ता तिथेच अडकलं असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

त्याच्या आधीच्या मिशन्सबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. पहिल्याच मिशनमधलं हेलिकॉप्टर थोडं छळतं, पण जवळ जाऊन तलवार मारली की पडतं. मग वॉचपॉइंटचं मिशन येतं, तिथे आधी सुला नावाचा एक पायलट आडवा येतो, तो संपतो न संपतो तोच वरून बाल्टियस उतरतो. त्याच्याभोवती मिसाईल्सचं गोल कडं असतं, ते एकदम सुटतं आणि अख्खा स्क्रीन केशरी रेषांनी भरून जातो. माणूस साहजिकच मागे पळतो आणि तिथेच मरतो. मागे जायचं नाही, मिसाईल्स अगदी जवळ येऊ द्यायच्या आणि तिरकं पुढे त्याच्याच अंगावर क्विक बूस्ट (झटक्यात सरकणं) मारायचा, त्या मागून निघून जातात. हे समजायलाच माझी पहिली रात्र गेली.

पण खरा वैताग त्याच्या ढालीचा आहे. अंगाभोवती पल्स आर्मर असतं, ते फुटेपर्यंत त्याला धड काही लागतच नाही. माझ्याकडे रायफल आणि मिसाईल्स होत्या. कशीबशी ढाल फोडायची, तोवर तीनपैकी दोन रिपेअर किट संपलेली, चार घाव घालेपर्यंत तो सावरतो आणि पुन्हा ढाल चढवतो! अर्ध्यावर आणला की आगीचे लोळ फिरवायला लागतो, मग एका फटक्यात खेळ खलास.

आणि इथे माझी मोठी चूक झाली. हरल्यावर चेकपॉइंटवरून परत सुरू करताना असेंब्ली (रोबोटच्या पार्ट्सची जुळणी) बदलता येते, म्हणून मला वाटलं गेमला जे द्यायचं ते त्याने दिलंय, आता यातच जमवायचं. पण तिथे फक्त आपल्याकडचेच पार्ट्स लावता येतात, दुकान उघडत नाही. दुकानात जायचं तर मिशन सोडायचं, म्हणजे सुला परत, सगळं परत. ते जिवावर आलं म्हणून दुसरी अख्खी रात्र मी तेच पार्ट्स अदलाबदल करत बसलो. पाय हलके केले तर वजनाची मर्यादा ओलांडायची, जनरेटर बदलला की एनर्जी पुरायची पण वेग जायचा. रात्री दीड वाजता दोन जनरेटरचे आकडे शेजारी ठेवून मी बघत होतो आणि खरं सांगतो, झोप अजिबात येत नव्हती. या गेमचं व्यसन लागतं ते इथेच, गॅरेजमध्ये. हरलो की राग दोन मिनिटं टिकतो, लगेच डोक्यात येतं की डाव्या खांद्यावरचं काढून तिथे दुसरं लावलं तर? आणि ते बघितल्याशिवाय उठवतच नाही.

तिसऱ्या रात्री मिशन सोडलं. पैसे कमी होते, पण पार्ट विकला की घेतला तेवढीच पूर्ण किंमत परत मिळते, त्यामुळे बिनधास्त विका, नुकसान काहीच नाही. पल्स गन घेतली. ही ढालीवरच चालते, ढाल अक्षरशः विरघळते. ढाल गेली की त्याचा स्टॅगरचा बार (मार बसत गेला की भरणारी पट्टी) भरत आणायचा, भरला की तो जागीच लुळा पडतो, त्या दोन-तीन सेकंदांत पल्स ब्लेड, म्हणजे तलवार. शेवटी माझ्याकडे एकही किट नव्हतं, ब्लेडचा दुसरा घाव बसला आणि तो फुटला तेव्हा कंट्रोलर घामाने ओला झाला होता, मी उभाच राहिलो.

हां, एक राहिलंच, एनर्जी कधीच शून्यावर जाऊ देऊ नका, परत भरायला जास्त वेळ लागतो आणि नेमकं तेव्हाच मिसाईल्स येतात. आणि रायफल लांबून मारू नका, गोळ्या चिलखतावरून नुसत्या घसरतात. गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला, सप्टेंबरच्या पॅचमध्ये बाल्टियसला थोडा सौम्य केलाय, मी त्याच्या आधीच मारला होता आणि याचा मला अभिमान आहे.

काल रिप्लेमधून परत त्याला गाठलं, पल्स गन न घेता, टँक लेग्ज (रणगाड्यासारखे पाय) लावून. हरलो. आज रिव्हर्स जॉइंटचे (गुडघे उलटे वाकणारे) पाय लावून बघणार आहे.