डॉक्टरभेटीची तारीख आणि सामानाची तारीख

रविवार, १० नोव्हेंबर २०२४
कोलंबस, ओहायो

आज दुपारभर पुढच्या वर्षीच्या डॉक्टरभेटींच्या तारखा समोर ठेवून, तिथून मागे मोजत, इन्सुलिन देणाऱ्या पंपाचे आणि साखर मोजणाऱ्या सेन्सरचे सामान केव्हा मागवायचे ते लिहून काढले. टाइप १ मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात दोन पंचांगे एकाच वेळी चालू असतात. त्यातले शरीराचे सरळ आहे. माझा सेन्सर दहा दिवसांनी बदलायचा, पंपाचा इन्फ्यूजन सेट (पंपातले इन्सुलिन कातडीखाली नेणारी नळी) दोन-तीन दिवसांनी, आणि उघडलेली इन्सुलिनची बाटली २८ दिवसांनंतर टाकून द्यायची. विम्याचे पंचांग याच्याशी जुळत नाही. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या इथल्या सरकारी विम्याच्या, नियमाप्रमाणे पंपाचे सामान मिळत राहायचे असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी निदान दर तीन महिन्यांनी तपासलेले असावे लागते. सेन्सरसाठी दर सहा महिन्यांनी भेट लागते आणि ती व्हिडिओवर झालेलीही चालते. शिवाय जवळचे सामान संपायला ३० दिवस उरेपर्यंत पुरवठादार नव्या मागणीबद्दल विचारू शकत नाही, आणि दहा दिवस उरेपर्यंत खोके पोहोचवू शकत नाही. त्या दहा दिवसांत बर्फाचे वादळ, लागून आलेल्या सुट्ट्या किंवा डॉक्टरांची रजा आली, की कपाटातले शेवटचे सेट मोजत बसावे लागते.

तीन महिन्यांची भेट म्हणजे बरोबर तीन महिन्यांनंतरची तारीख घेणे धोक्याचे असते. ऐन वेळी दवाखान्याने ती पुढे ढकलली तर एंडोक्रिनॉलॉजिस्टची (मधुमेह पाहणाऱ्या हार्मोनतज्ज्ञाची) पुढची मोकळी वेळ कित्येक आठवड्यांनी मिळते आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते. म्हणून मी तपासणी झाल्यावर काउंटरवरून हलण्याआधीच पुढची वेळ घेतो, आणि तीही दहाव्या-अकराव्या आठवड्यातली मागतो. मदतनीस मुलीला आता याचे कारण सांगावे लागत नाही.

या भेटींविषयी माझी तक्रार नाही, हे मनापासून लिहितो. रक्तचाचणीतला एचबीएवनसीचा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतो, त्यामुळे एवढ्या अंतराने कोणीतरी जाणत्या माणसाने तो पाहावा हे योग्यच आहे. आमच्या डॉक्टर पंपातली माहिती उतरवून घेतात आणि पहाटेच्या वेळी आलेखाची रेघ कुठे खाली जाते त्यावर बोट ठेवतात. पोटावर सेट लावण्याच्या जागा दाबून गाठ झाली आहे का ते पाहतात, मोजे काढायला लावून तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवतात आणि कळले का म्हणून विचारतात. मागच्या भेटीत त्यांनी पोटाची डावी बाजू महिनाभर मोकळी सोडायला सांगितली आणि तेवढ्यानेच साखर बरीच ताळ्यावर आली. अशी तपासणी कोणत्याही कागदाने होणार नाही.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. सप्टेंबरमध्ये भेट वेळेवर झाली, तरीही पुरवठादाराकडे खोके अडकून राहिले, कारण त्या भेटीची टिपणे सहीसह त्यांच्याकडे पोहोचली नव्हती. दवाखाना म्हणे फॅक्स केला, पुरवठादार म्हणे मिळाला नाही, आणि मधल्या काळात माझ्या कपाटातले सेट कमी होत गेले. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. ते थांबले तर काही तासांतच रक्तात कीटोन नावाची घातक आम्ले वाढू लागतात. रुग्ण डॉक्टरांना भेटला आहे हे सर्वांना ठाऊक असताना, केवळ कागद प्रवासात आहे म्हणून पुढचा पुरवठा रोखणे मला क्रूरपणाचे वाटते. निदान एका महिन्याचे सामान आधी जावे आणि कागद मागून यावा, एवढी सोय नियमातच असायला हवी.

अशी सोय करणे अशक्य नाही, हे याच राज्याने दाखवले आहे. केव्हिन हूडशेल हा ओहायोचा ३६ वर्षांचा तरुण ३१ डिसेंबर २०१३ रोजी इन्सुलिन आणायला औषधाच्या दुकानात गेला. प्रिस्क्रिप्शनची मुदत संपली होती आणि सुट्टीमुळे डॉक्टरांशी संपर्क होत नव्हता. आणीबाणीत ७२ तासांपुरते औषध देण्याची मुभा तेव्हाही होती, पण इन्सुलिनची बाटली ७२ तासांपुरती फोडून देता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबीयांनी पाठपुरावा केला आणि २०१५ अखेर ओहायोत कायदा झाला, ज्यामुळे अशा वेळी डॉक्टरांशी बोलणे झाले नाही तरी फार्मासिस्ट पुरेसे औषध देऊ शकतो. पुढे इतर अनेक राज्यांनीही तसे कायदे केले. माझे सेट मात्र औषधाच्या दुकानातून येत नाहीत, ते टपालाने येतात, आणि काउंटरपलीकडे गाऱ्हाणे ऐकणारा फार्मासिस्ट तिथे नसतो.

भाऊबीजेला पुण्याच्या ताईशी बोलताना हा विषय निघाला. तीही इन्सुलिन घेते. कोपऱ्यावरचा केमिस्ट तिला ओळखतो, फोन केला की पेनाची कार्ट्रिजे घरी येतात, पण त्याचे सगळे पैसे तिच्याच पेन्शनमधून जातात, कारण तिचा आरोग्यविमा रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय काही देत नाही. इथे जुलै २०२३ पासून पंपातल्या इन्सुलिनचे मला महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत. दोन्ही बाजू ऐकून आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प झालो.

यंदाची, म्हणजे २०२४ ची, २४० डॉलरची डिडक्टिबल (विम्याआधी दरवर्षी आपण स्वतः भरायची रक्कम) भरून झाली आहे आणि १ जानेवारीला ती नव्याने सुरू होईल, म्हणून पुढचे खोके डिसेंबरातच यावे असा प्रयत्न आहे. जुन्या मुदतीचे सेट पुढे आणि नवे मागे असे कपाट लावून घेतले. फ्रिजमधल्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिन पेनाची तारीख पाहिली, ती अजून चांगली आहे. उद्या व्हेटरन्स डेची (माजी सैनिक दिनाची) सुट्टी असल्याने फॅक्सचे काम होणार नाही. मंगळवारी सकाळी आधी दवाखान्याला फोन करून टिपणांवर सही झाली का ते विचारायचे, आणि मग पुरवठादाराला.