हर्स्टची दलदल, एक मूस आणि बाणाचा फाळ

मूस म्हणजे हरणाच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. एप्रिलमध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत त्याच्या शिकारीच्या टॅगसाठी, म्हणजे एक मूस मारायच्या परवानगीसाठी, अर्ज भरताना सांगलीकर म्हणाला होता, “लेका, टॅग लागला तर घरी काय सांगायचं ते आधी ठरव.” टॅग लागला. नर मूस, धनुष्याचा हंगाम. घरी एवढंच सांगितलं की दिवाळीच्या आत फ्रीझर रिकामा पाहिजे.

आम्ही तिघं. मी मूळचा कोल्हापूरचा, टोरोंटोजवळ ब्रॅम्प्टनला धातू कापायच्या सीएनसी मशीनवर असतो. सांगलीकर ट्रक चालवतो. तिसरा आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला फ्रेंच बोलणारा म्हातारा, जन्म उत्तर ऑन्टारिओतल्या हर्स्टचा, तरुणपणापासून त्याच रानात मूसमागं फिरलेला. तो नसता तर हा वृत्तांत एका ओळीत संपला असता: गेलो, भिजलो, परत आलो.

हर्स्ट ब्रॅम्प्टनहून साधारण साडेनऊशे किलोमीटर. नॉर्थ बेच्या पुढं हायवे ११ वर शक्यतो अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. मूस इतका उंच की गाडीचा उजेड त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही, डोळे चमकत नाहीत, आणि काळं अंग रस्त्यात उभं असलं तरी दिसत नाही. वाटेत मूनबीम गावी उडती तबकडी करून ठेवलीय. पाय मोकळे करायला जागा बरी.

कागदपत्रांचं थोडक्यात. नुसत्या धनुष्यानं शिकार करायची तर ऑन्टारिओत बंदुकीचा परवाना लागत नाही, पण शिकारीचं शिक्षण आणि परीक्षा चुकत नाही. टॅगचं वाटप २०२१ पासून गुणांवर चालतं: टॅग न मिळालेल्या वर्षाचा गुण साठतो, टॅग उचलला की खातं शून्यावर. धनुष्याचे आणि बंदुकीचे टॅग वेगळे असतात. मूससाठी धनुष्याची ओढ (दोरी ओढायला लागणारा जोर) निदान २२ किलो लागते, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस पौंड, आणि फाळ रुंदीला निदान २२ मिलिमीटर. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं लावलेलं धनुष्य, हे आकडे सहज गाठतं. नियमात बसणं वेगळं आणि सहा फूट उंच खांद्याच्या जनावराला पुरं पडणं वेगळं.

आता फाळाकडं येतो, कारण मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच.

दोन वर्षांपूर्वी मी हरणावर उघडमीट फाळ वापरला होता. हवेत मिटलेला राहतो, लागल्यावर पाती उघडतात. दुकानात बघितलं की जीव जडतो: दोन इंची जखम, आणि उडतो सरावाच्या टोकासारखा सरळ. बाण चार बोटं पुढं गेला आणि फऱ्यावर, म्हणजे खांद्याच्या चपट्या हाडावर बसला. एक पातं तुटलं, दुसरं वाकलं. हरीण गेलं ते गेलंच. दोन दिवस शोधलं, पण मिळालं नाही. कंपनीला दोष देत नाही, नेम माझा चुकला होता. पण नेम कधीतरी चुकणार हे धरूनच फाळ निवडायचा असतो, हे मला तेव्हा कळलं.

उघडमीट पाती उघडायला जोर खर्च होतो, आणि तो बाणाच्याच जोरातून जातो. हरणाच्या पातळ बरगडीला ते खपून जातं. मूसची कातडी जाड, बरगड्या रुंद, फऱ्या म्हणजे फळीच. अलास्कात तर मूसवर असे मिटणारे फाळ चालतच नाहीत. ऑन्टारिओत चालतात. तरीही मी म्हणेन, नका नेऊ.

मग अचल पात्यांचे फाळ उरले. त्यातही दोन जाती. एकाचं टोक टोच्यासारखं, पाती मागं बसवलेली, ब्लेडासारखी बदलता येणारी. दुसऱ्याची धार अगदी टोकापासूनच सुरू होते. दुसरा कातडीला टेकताच कापायला लागतो, त्यामुळं कमी ओढीच्या धनुष्याला तोच बरा. तीन पाती की दोन, यावर लोक रात्री जागवतात. तीन पात्यांची जखम उघडी राहते, दोन पात्यांचा फाळ खोल जातो. माझं धनुष्य ६२ पौंड ओढीचं आणि दोरी मागं येते २८ इंच, म्हणून मी खोलीच्या बाजूनं गेलो: दोन पाती, एकसंध पोलाद, २०० ग्रेन वजन (साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम). सांगलीकराचं धनुष्य ७० पौंडाचं, हात माझ्यापेक्षा लांब. त्यानं तीन पात्यांचा, एकाच पोलादी तुकड्यातून केलेला, १२५ ग्रेनचा घेतला. दोन पाती एकदम निसण्यावर सपाट ठेवून घासता येतात, ही तीन पात्यांच्या फाळाची मोठी सोय. आळशी माणसाचा फाळ, असं मी म्हणतो. तो काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वजनाचं गणित मी मुद्दाम करून बघितलं. आधी माझा बाण ४०० ग्रेनचा होता, वेग सेकंदाला २६८ फूट. आता ५२० ग्रेन, वेग २३८. ऊर्जा काढली तर ६४ आणि ६५ फूट-पौंड, म्हणजे जवळपास तीच. पण संवेग (वजन गुणिले वेग) पंधरा टक्क्यांनी वाढला, आणि हाडात शिरताना कामाला येतो तो संवेग. बाण किती खोल शिरतो याचा अभ्यास केलेले अमेरिकेतले एड ॲशबी हाड फोडायचं तर ६५० ग्रेन हवेत म्हणतात. माझ्या धनुष्यानं तेवढं वजन फेकलं तर बाण पंचवीस मीटरच्या पुढं फारच खाली येतो. म्हणून मी मध्ये थांबलो.

एक मात्र ध्यानात ठेवा. नुसता जड फाळ आणून जुन्या काडीला लावू नका. पुढं वजन वाढलं की सुटताना काडी जास्त वाकते आणि बाण वळवळत जातो. मला ४०० ऐवजी ३०० स्पाइनच्या काड्या घ्याव्या लागल्या (स्पाइन म्हणजे काडीच्या ताठपणाचा आकडा, कमी तेवढी ताठ). त्यानंतरही फाळाचे बाण सरावाच्या टोकांपेक्षा बोटभर डावीकडं बसत होते, कारण पाती हवेत पंखांसारखी वागतात. रेस्ट, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो तो भाग, केसभर, अगदी केसभर सरकवत तीन रविवार गेले. प्रत्येक बाण नखावर टोक टेकवून फिरवून बघा. डगमगला तर तो बाण सरावाला, भात्यात नको.

आणि धार. माझा धंदाच पोलादाचा, म्हणून सांगतो, पाकिटातून काढलेल्या फाळावर विश्वास ठेवू नये. निसण्यावर घासायचं, मग चामड्यावर उलट्या हातानं ओढायचं, मनगटावरचे केस सहज उडेपर्यंत. बोथट पातं नस बाजूला ढकलतं, धारदार कापतं. पावसात गंज एका रात्रीत चढतो, पात्यांना व्हॅसलीनचा हात फिरवून ठेवा. सरावाला मारलेला फाळ धार न लावता पुन्हा भात्यात जाता कामा नये.

आता रान. लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यावरून आत तंबू टाकला. तोडलेल्या जागी नवीन विलो आणि बर्च उगवतात, मूस तिथंच चरतो. पहिले तीन दिवस पाऊस आणि वारा. वाऱ्यात मूसला हाक ऐकू जात नाही, ऐकलीच तर वास आधी पोचतो. आम्ही रमी खेळलो.

चौथ्या दिवशी सकाळी थंडी, वारा पडलेला. म्हातारा बर्चच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून माजावर आलेल्या मादीसारखा हंबरला, लांबलचक, नाकातून. वाळक्या हाडानं आल्डरची झाडं खरडली, नर शिंगं घासतो तशी. वीस मिनिटांनी दलदलीपलीकडून आवाज आला, ‘ओंक’. पुन्हा ‘ओंक’. मग फांद्या मोडत तो आला आणि पंचवीस मीटरवर माझ्याकडं तोंड करून उभा राहिला.

समोरून छाती भिंतीएवढी दिसते. मोह होतो. पण समोरून फुप्फुसापर्यंतची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना खांद्याची हाडं. दोरी ओढलीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मग तो वळला तो थेट झाडीतच. सांगलीकर नंतर म्हणाला, “एवढा जड फाळ काय शोभेला आणलास?” म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, बोलला काही नाही.

इथं एक सुधारणा केली, ती तुम्ही पहिल्याच दिवशी करा. नर हाकेच्या दिशेनं सरळ येत नाही, वास घ्यायला वाऱ्याखालच्या बाजूनं वळसा घेतो. हाक मारणारा मागं राहू द्या, आणि बाणवाला त्याच्यापुढं पन्नास-साठ पावलं, वाऱ्याखालच्या अंगाला. मग जनावर तुमच्यासमोरून आडवं जातं आणि त्याचं लक्ष हाकेकडं असतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी अगदी तसंच झालं. एकोणीस मीटर, किंचित पलीकडं तोंड. शेवटच्या बरगड्यांतून पलीकडच्या खांद्याचा अंदाज घेतला आणि सोडलं. आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. तो दहा पावलं पळाला आणि उभा राहिला, जणू काही झालंच नाही. मूस असंच करतो, चुकला समजून घाईनं उठू नका. मग झाडीत गेला. म्हाताऱ्यानं मला खाली बसवलं, थर्मास काढला, घड्याळ दाखवलं. एक तास.

माग सुरुवातीला नव्हताच, लांब केस रक्त पितात. तीस पावलांवर गुलाबी, फेसाळ थेंब दिसले, म्हणजे फुप्फुस. (गडद लाल असेल तर काळीज, म्हणजे यकृत, पाच-सहा तास थांबा. हिरवट आणि वास येत असेल तर आतडं, त्याहून जास्त थांबा.) तो नव्वद मीटरवर पडला होता, सुदैवानं कोरड्यात. पाण्यात उभ्या मूसवर बाण सोडू नका, मेलेला मूस तळ्यातून ओढायला तीन माणसं पुरत नाहीत. फाळ पलीकडच्या फऱ्यात रुतला होता. टोक किंचित वळलेलं, पाती सरळ.

खरं काम त्यानंतर. टॅगची नोंद तिथल्या तिथं केली. मग कातडं काढून चार तुकडे, ते हवेशीर पिशव्यांत, काठ्यांवर टांगून. सप्टेंबरात दिवसा ऊन असतं, मांस सडायला सुरुवात जांघेच्या सांध्यापासून होते, म्हणून तिथलं हाड आधी मोकळं करा. मागचा एक पाय साठ किलोच्या आसपास. रस्ता नऊशे मीटर, निम्मा गुडघाभर गाळ. पिशव्या सहा तरी न्या, आम्ही चार नेल्या होत्या. डोक्याचे दिवे, जास्तीच्या बॅटऱ्या, दोन सुऱ्या आणि तो निसणा. सुरी मूसच्या केसांवर फाळापेक्षा लवकर बोथट होते.

सांगलीकरानं काळीज बाजूला काढून ठेवलं होतं. घरून कलेजीचा मसाला बांधून आणला होता बिचाऱ्यानं. म्हाताऱ्यानं मान हलवली. ऑन्टारिओ सरकारचीच सूचना आहे, मूसचं काळीज आणि गुर्दे खाऊ नयेत, त्यात कॅडमियम साठतं. तो मसाला शेवटी हृदयाला लावला, लोखंडी तव्यावर, रात्री दीड वाजता, बाहेर गोठवणाऱ्या थंडीत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तव्यावरून हात हटत नव्हता.