‘कधी होतं?’ : आमच्या दुकानाची वाटचाल

२००१ साली इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघा बहीण-भावांनी कम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. कामाची वाटणी सरळ होती : पेचकस भावाकडे, वही माझ्याकडे. (पुण्याचे पाहुणे त्याला स्क्रूड्रायव्हर म्हणतात. इंदुरात तो पेचकसच.) सामान आणायला जेल रोडचा बाजार होताच. पहिल्या वर्षी आम्हाला येत होतं काय, तर विंडोज टाकणं, हार्ड डिस्क बदलणं आणि आत्मविश्वासानं बोलणं.

त्याच वर्षी जवळच्या एका वकीलसाहेबांचा सीपीयू आला. तक्रार होती, ‘‘अपने आप बंद होता है, अपने आप चालू.’’ भावानं फॉरमॅट मारला. चार दिवसांनी सीपीयू परत. रॅम बदलली, परत. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा आतला डबा) बदलला, तरी परत. तोवर बिल २,३५० रुपयांवर गेलं होतं, आणि त्या काळात ते थोडं नव्हतं. चौथ्या वेळी सीपीयू उचलून आणण्याऐवजी आम्हीच त्यांच्या ऑफिसात गेलो. भाऊ टेबलाखाली वाकलेला, मी उभी. टायपिस्ट म्हणाला, ‘‘दीदी, वो तो जब साहब ड्रॉअर जोर से लगाते हैं, तब होता है.’’

रीसेटचं बटण एका बाजूनं आत बसलं होतं. टेबलाला धक्का लागला की आतले दोन पत्रे एकमेकांना टेकायचे आणि मशीन पहिल्यापासून सुरू. भावानं मदरबोर्डवरून रीसेटच्या दोन तारांची पिन उपटली. काम झालं. खर्च शून्य. एसएमपीएसचे पैसे आम्ही परत केले, रॅम मात्र साहेबांनी ठेवून घेतली. टायपिस्टला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वहीत एक रकाना वाढवला : ‘कधी’.

मशीन आपोआप रीस्टार्ट होण्याला पन्नास कारणं असतात, पण त्यातली बरीचशी वेळेवरून ओळखू येतात. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी होत असेल तर उष्णता : प्रोसेसरच्या पंख्यात गोधडी शिवण्याइतकी धूळ, किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) वाळून खडू झालेली. गेम लावला, व्हिडिओ रेंडरला टाकला की होत असेल तर एसएमपीएसवर ओझं पेलवत नाही. (इथे मीटर फसवतो. हिरवी तार काळीला जोडून नुसता एसएमपीएस चालवला तर पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट छान दिसतात. ओझं पडल्यावर ते ११.४ च्या खाली गेले की समजायचं.) वेळेचा काहीच मेळ लागत नसेल तर आधी रॅम : काढून सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचं, आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालू ठेवायचा. सगळ्यांत आधी मात्र विंडोजमधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढायची. ती असली की चूक सांगणारा निळा स्क्रीन डोळा लवेपर्यंत निघून जातो आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, ‘काहीच आलं नव्हतं.’

ऑगस्ट २००३ मध्ये या रकान्यानं आम्हाला खरं दुकान मिळवून दिलं. दोन दिवसांत अकरा सीपीयू आले, सगळ्यांवर एक्सपी, आणि ‘कधी’च्या खाली अकराही जणांचं एकच उत्तर : इंटरनेट लावल्यावर. स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट. तो ब्लास्टर वर्म होता, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरसच. जेल रोडवर त्या आठवड्यात लोकांनी एसएमपीएस विकले, मदरबोर्डसुद्धा विकले. आम्ही मोजणी सुरू झाली की विंडोजच्या रनमध्ये ‘शटडाउन -ए’ टाइप करून ती थांबवायचो, एक्सपीची फायरवॉल चालू करायचो (तेव्हा ती मुळात बंदच असायची), वर्म काढायचो आणि सीडीवरून विंडोजमधलं भगदाड बुजवणारा पॅच टाकायचो. दीडशे रुपये. स्वस्तात केलं असं भाऊ आजही म्हणतो. मला तसं वाटत नाही. त्या अकरातले सात जण अजून येतात.

पुढची दोन-तीन वर्षं फुगलेल्या कपॅसिटरांची (वीज क्षणभर साठवून पुरवठा सारखा ठेवणारे छोटे भाग). त्या काळात बाजारात आलेल्या कितीतरी मदरबोर्डांवर कमअस्सल द्रवाचे कपॅसिटर होते. प्रोसेसरच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या नळकांड्यांची डोकी वर फुगायची, काहींतून तपकिरी चिकट ओघळ यायचा, आणि मशीन आधी दिवसातून एकदा, मग तासाला, मग चालूच व्हायचं नाही. नवा बोर्ड विकणं सोपं होतं. पण आमच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेले एक काका होते. ते कपॅसिटरला कंडेन्सरच म्हणायचे. त्यांनी आमचा पंचवीस वॅटचा सोल्डर (जोड वितळवायचं हत्यार) हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, ‘‘याने पापडसुद्धा भाजणार नाही.’’ बोर्डात तांब्याचे थरावर थर असतात, ते सगळी उष्णता ओढून घेतात. काकांनी साठ वॅटचा आणला, जुन्या जोडावर आधी ताजं कथील दिलं, एक पाय तापवून कंडेन्सर किंचित कलता केला, मग दुसरा, आणि दाढ काढावी तसा तो अलगद बाहेर आला. ‘‘१०५ डिग्रीचाच लाव, आणि पट्टीची बाजू उणे. उलटा लावलास तर मी घरी गेल्यावर चालू कर,’’ असं भावाला बजावलं. काका पुढे आठ वर्षं रोज चार ते सात दुकानात बसले. पगार घेत नसत. पोहे आणि चहा मात्र वेळेवर लागायचा.

आता ती केस, जी मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगते. सुदामा नगरातल्या एक वहिनी घरी टॅलीचं काम करायच्या. मशीन रीस्टार्ट व्हायचं. आमच्याकडे आणलं की आठ-आठ दिवस चालायचं, घरी नेलं की पुन्हा तेच. रॅम, उष्णता, एसएमपीएस सगळं ठीक. शेवटी मी त्यांना एक छोटी वही दिली आणि म्हटलं, होईल तेव्हा नुसती तारीख आणि वेळ लिहा. दोन आठवड्यांनी वही आली : सोमवार सकाळी ६.४०, बुधवार ६.३५, शुक्रवार ६.५०, रविवार ६.४०. मग मंगळवार. भाऊ म्हणाला, कुठलासा शेड्यूल्ड टास्क असेल. मी वही आईला दाखवली. आईनं चष्मासुद्धा लावला नाही. ‘‘अगं, दिवसाआड. नळ येतात तेव्हा.’’

इंदूरला नर्मदेचं पाणी येतं, आणि बहुतेक वस्त्यांत दिवसाआड. भाऊ सकाळी सहाला त्यांच्या घरी जाऊन बसला. पावणेसातला मागच्या अंगणातून घूं असा आवाज आला, ट्यूबलाइट एकदा मिचकावली, मशीन रीस्टार्ट. वहिनींच्या सासूबाईंनी नळालाच टुल्लू पंप (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावला होता. पालिकेचा माणूस आला तर जप्त होईल म्हणून तो पोत्याखाली, आणि घरातसुद्धा त्याचा उच्चार नाही. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्याच लाइनवरचं व्होल्टेज बसतं. एसएमपीएस असा खड्डा पंधरा-सोळा मिलिसेकंदच भरून काढू शकतो.

‘‘पण आमच्याकडे यूपीएस आहे ना!’’ वहिनी म्हणाल्या. होता. हिरवा दिवाही लागत होता. भावानं त्याचा प्लग काढला आणि सगळं काळं. आतली बारा व्होल्टची बॅटरी चार वर्षांची, कधीच संपलेली. आणि आम्ही प्रत्येक वेळी फक्त सीपीयू दुकानात आणत होतो, दुकानाच्या यूपीएसवर तपासत होतो. तो चालणारच. नवी बॅटरी बसवली, टुल्लूला दुसऱ्या सर्किटवर नेलं. सासूबाईंनी भावाला गुळाची पोळी दिली आणि ‘‘कुठे बोलू नकोस’’ म्हणाल्या. इतकी वर्षं बोललो नाही. आता त्यांचं घरही विकलं गेलंय.

२०२० च्या लॉकडाउनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुकान बंद, शाळा फोन-कम्प्युटरवर, आणि आम्ही व्हिडिओ कॉलवर लोकांकडून कॅबिनेट उघडून घेत होतो. एका कॅबिनेटमध्ये पाल निघाली, दुसऱ्यात रतलामी सेव. दुसरं इंदूरला धरून झालं.

आता दुकान रस्त्यावर आहे, आम्ही सहा जण आहोत, आणि येणारा मुलगा निदान करूनच येतो. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून दाखवतो : ‘‘आँटी, कर्नल-पॉवर एकेचाळीस आहे. एसएमपीएस बदलून द्या.’’ एकेचाळीसचा अर्थ इतकाच, की मशीन नीट बंद न होता गेलं. का गेलं, ते त्यात नाही. पेशंट पडला, एवढंच ते लिहून ठेवतं. त्याच नोंदीत बगचेकचा (निळ्या स्क्रीनवरच्या चुकीचा) आकडा शून्य असेल तर निळा स्क्रीन नोंदवायलाही विंडोजला सवड मिळाली नाही, म्हणजे आधी वीज, उष्णता, बटण पाहायचं. आकडा असेल तर ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारा प्रोग्राम) आणि रॅम. मागच्या महिन्यात असाच एक जण महागडं ग्राफिक्स कार्ड आणि साडेचारशे वॅटचा एसएमपीएस घेऊन आला. मी विचारलं, कधी होतं? म्हणाला, गेममध्ये जिंकायला आलो की. तेव्हाच कार्ड सगळ्यात जास्त वीज ओढतं, म्हणजे या वेळी एसएमपीएस खरोखरच बदलायचा होता.

वही आता सतरावी चालू आहे. भावाच्या मुलीनं सगळं एक्सेलमध्ये घातलंय, तरी ‘कधी’चा रकाना मी पेनानंच भरते. तेव्हा आमच्याकडे येणार असाल तर आधी दोन-चार दिवस वेळा टिपून ठेवा. आणि सीपीयूबरोबर यूपीएसही घेऊन या. जड असतो, माहीत आहे. रिक्षातून उतरवायला मुलगा पाठवते.