फील्डची वही आणि संग्रहालयाची चावी

गिलेर्मो बोनफिल बाताया. जन्म 1935, देश मेक्सिको. हा माणूस मूळचा मानवशास्त्रज्ञ. सुरुवातीचं काम युकातानमधल्या सुदसाल गावातल्या उपासमारीवर, पुढे चोलुला या तीर्थाच्या गावी कारखाने आल्यावर काय झालं त्यावर. 1972 ते 1976 तो देशाच्या मानवशास्त्र आणि इतिहास संस्थेचा संचालक होता. प्राचीन स्थळं आणि सरकारी संग्रहालयं यांचा मोठा कारभार या संस्थेकडे. 1982 मध्ये मेक्सिको शहराच्या कोयोआकान भागात त्याने लोकसंस्कृतींचं राष्ट्रीय संग्रहालय उभं केलं. पहिल्या प्रदर्शनाचा विषय होता मका. 1991 मध्ये अपघातात तो गेला.

त्या मक्यावर थांबायला हवं. सोनं नाही, मूर्ती नाहीत. रोज पोटात जाणारं धान्य आणि त्याभोवतीची शेती, स्वयंपाक, सण. फील्डवर, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांच्या जगण्याच्या नोंदी करण्यात, वर्षं काढलेला माणूस संचालक होतो तेव्हा हा फरक पडतो. तो आधी प्रश्न ठरवतो आणि मग वस्तू गोळा करतो.

पुण्यात असं प्रदर्शन ज्वारीवर करता येईल. नुसतं जातं आणि सूप मांडून भागणार नाही. खळं दाखवायचं तर मधला तिवडा, म्हणजे बैल ज्याला बांधतात तो खांब हवा, त्याभोवती बैलांची पात कशी फिरते ते हवं, उपणायला उभं राहायची वावडी हवी. मोहोळला निवडलेली मालदांडी 35-1 आणि त्याआधीचे गावठी वाण शेजारी शेजारी हवेत, कारण भाकरीची चव आणि कडब्याची प्रत या दोन्हींवर शेतकरी वाण ठरवायचा. पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, दाखवायचं तर ते उघडल्यावर लगेच आत का उतरत नाहीत हेही सांगायला हवं: धान्याच्या श्वसनाने आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुदमरतो. या गोष्टी वस्तूवर लिहिलेल्या नसतात. त्या फील्डच्या वहीत असतात.

एक काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, जवळून बघा. वर्षानुवर्षं पीठ मळलेली काठवट सगळीकडे सारखी झिजत नाही. तळहाताचा जोर जिथे पडतो तिथे ती जास्त गुळगुळीत आणि खोलगट होते, आणि मळणारीचा उजवा हात जोराचा की डावा, हेही त्यावरून कळू शकतं. भेगांत वाळलेलं पीठ असतं. नवा कर्मचारी हौसेने ती साबणाने घासतो, तेल लावून चकचकीत करतो आणि सगळा पुरावा धुऊन जातो. पण पीठ तसंच ठेवलं तर कीड येते. मार्ग थंडीचा. काठवट टिश्यूपेपरमध्ये गुंडाळायची, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, तोंड पक्कं बंद करायचं आणि उणे 20 अंशांवर किमान एक आठवडा ठेवायची. घरगुती फ्रीजर उणे 18 च्या आसपास असतो, तिथे दोन आठवडे धरावेत. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत थंड लाकूड उघडं केलं की त्यावर पाणी धरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण सगळ्यांना घाई असते.

वारली आदिवासींच्या तारप्याला, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याला, मात्र हा उपाय चालत नाही. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा आणि सांधे मेणाचे. थंडीत मेण ठिसूळ होऊन तडकतं, तर हॅलोजनच्या दिव्याखाली मऊ पडून धूळ धरतं. म्हणून आलेला तारपा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत पांढऱ्या कागदावर ठेवायचा. कागदावर पिठासारखा भुसा पडला तर झटकून पुन्हा बघायचं. नव्याने पडला तर बांबूत भुंगा जिवंत आहे आणि संवर्धकाला बोलवायची वेळ झाली आहे. मांडताना एलईडी वापरायचा, तोही काचपेटीच्या बाहेर. शेजारी लुगडं असेल तर त्यावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको.

क्रमांकाची पद्धत साधी असावी: 2024.7.3, म्हणजे 2024 साली आलेल्या सातव्या संचातली तिसरी वस्तू. लाकडावर थेट शाई लावायची नाही. आधी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक, नंतर काढता येणाऱ्या राळेचा पातळ थर, त्यावर अंक, वर पुन्हा थर, आणि हे सगळं नजरेआडच्या जागी. कापडावर सुती फितीवर लिहून चार टाके घालायचे.

संचालकाच्या खुर्चीवर बसल्यावर खरी दमछाक कागदांची. तारपा करणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक नसतो आणि लेखा शाखा तीन दरपत्रकं मागते. तीन तारपकऱ्यांकडून सगळ्यात स्वस्त तारपा निवडणं हा हस्तकलेचा अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी जाणकारांची खरेदी समिती आधीच मंजूर करून घ्यायची आणि किमतीचं कारण इतिवृत्तात लिहायचं. दुसरं, वस्तू जडसंग्रह नोंदवहीत खुर्च्या-कपाटांबरोबर चढू द्यायची नाही. तिथे जुनी झाली की निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव येतो. तिची जागा संग्रह नोंदवहीत, बांधलेल्या आणि पानांना क्रमांक दिलेल्या. नखं, शिंगं, चोची असलेले दागिने आले तर स्वीकारण्याआधी वन विभागाशी बोलायचं, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना त्याच वर्षीचा पुरावशेषांचा कायदा.

मानवशास्त्रातून संग्रहालयाच्या वाटेने जाऊ बघणाऱ्यांचं पुण्यात बरं आहे. विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे. इरावती कर्वे यांनी जिथे काम केलं ते डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे. क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, आणि बाजीराव रस्त्याजवळ दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते, दिवे आणि पाय घासायच्या वज्र्या. केळकर मानवशास्त्रज्ञ नव्हते, पण घरातली वस्तू जपण्यालायक असते हे त्यांनी या शहराला शिकवलं. संग्रहालयशास्त्राचं शिक्षण मात्र जरूर घ्यावं, बडोद्याला किंवा मुंबईला. नुसतं फील्डवर्क असलेला माणूस साठवणखोलीत चाचपडतो.

संग्रहाच्या संगणकीय नोंदीसाठी पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने 'जतन' ही प्रणाली केली. अशा कुठल्याही प्रणालीत माप, वजन, साहित्य हे रकाने भरले जातात. तारप्याच्या वापराचा रकाना 'वाद्य' एवढ्यावर संपतो. तिथे लिहायला हवं: कोणी केला, कुठल्या पाड्यावर, भात कापणीच्या दिवसांत कुठे वाजला, नाचणारे तारपकऱ्याकडे पाठ का करत नाहीत, वाजवणारा कोणाकडून शिकला. सोबत आवाजाचं रेकॉर्डिंग, आणि त्याची एक प्रत त्याच पाड्यावर परत. सांधा सुटला तर करणाऱ्यालाच बोलवावं, प्रवासखर्च आणि मजुरी देऊन. त्याने नवं मेण भरलं की तारीख, मेण कुठलं, किती ठिकाणी भरलं हे लिहायचं, आधीचा आणि नंतरचा फोटो लावायचा, आणि निघालेलं जुनं मेण छोट्या डबीत त्याच क्रमांकाने ठेवायचं.