बाई, तुम्ही काय मानता?

सुट्टीत माझ्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा आजारपणात गेला. सोमवारी शाळा भरण्याआधी शिक्षकखोलीत एकच विषय होता, मुलांशी काय बोलायचं. एक सर म्हणाले, सगळ्या शाळेकडून प्रार्थना म्हणून घेऊ. कुठल्या देवाचं नाव नको, आणि ज्याला नको त्याने म्हणू नये.

सरांचा हेतू चांगलाच होता. पण नेमकी अशीच, कोणत्याही पंथाचं नाव नसलेली आणि ऐच्छिक, २२ शब्दांची प्रार्थना न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी शाळांसाठी तयार झाली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. प्रार्थना रचून देणं हे सरकारचं कामच नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. आमची शाळाही सरकारी, म्हणून मला तो निकाल आठवला. कायदा सोडा, दहा वर्षांच्या पोराने सगळ्यांदेखत रांगेतून बाजूला व्हायचं, ही कसली ऐच्छिकता? मुख्याध्यापिकांनी प्रार्थना रद्द केली आणि "वर्गात तुम्हीच बघा" म्हणून मला पाठवलं. सोपं काम माझ्याकडेच येतं!

हजेरी घेताना त्याच्या नावाशी मी थांबले, तशी त्याच्या शेजारी बसणारी मुलगी उठली. तिच्या हातात त्याचा कंपास होता, झाकणावर खरवडून नाव लिहिलेला. "सुट्टीआधी मी मागून घेतला होता. आता परत कुणाला देऊ?"

मग सगळेच बोलायला लागले. तो वरून बघतोय. नाही, तो पुन्हा जन्म घेणार. छे, हिशोबाच्या दिवशीच उठणार. मागच्या बाकावरून आवाज आला, "काही नाही, माणूस मेला की संपला, बाबा म्हणतात." त्यावर दोघं त्याच्या अंगावरच धावले.

गणिताचं पुस्तक उघडायला लावून हे सगळं दडपता आलं असतं. पण मूल सगळ्यात मोठा प्रश्न विचारतं तेव्हाच शाळेने पाठ फिरवली, तर त्याला तटस्थता म्हणायला माझी जीभ धजत नाही. मुलांच्या हक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात, कलम २७ मध्ये, शारीरिक आणि मानसिक विकासाच्या जोडीने आध्यात्मिक विकासही लिहिलेला आहे. तो कुणाच्या तरी धर्माचे धडे देऊन होतो, असं मात्र तिथे म्हटलेलं नाही.

मी एकच अट घातली. प्रत्येकाने वाक्याची सुरुवात "आमच्या घरी मानतात" किंवा "मला वाटतं" अशी करायची. भांडण जवळजवळ जागीच थांबलं. "संपला" म्हणणारा मुलगाही पुन्हा बोलला, "मला वाटतं तो संपला, पण मला तसं वाटायला नकोय." त्यावर कुणी हसलं नाही.

मग एकाने मला पकडलंच. "बाई, तुम्ही काय मानता?"

"मी सांगितलं तर तुम्ही ते परीक्षेत लिहाल." वर्ग हसला. हे निव्वळ टाळणं नव्हतं. फळ्यापुढे उभं राहून बाई बोलल्या की मुलांना ते बरोबर उत्तर वाटतं, आणि या प्रश्नावर तो अधिकार माझा नाही. नंतर थोडा वेळ कुणी लिहिलं, कुणी चित्र काढलं, कुणी नुसतं बसलं. कंपास त्याच्या आईला द्यायचा, हे त्या मुलीनेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी एक वडील तावातावाने आले. "शाळेत माझ्या मुलाला पुनर्जन्म शिकवलात?" कोण काय म्हणालं ते मी सांगितलं, नावं गाळून. त्यांच्या मुलाने घरची समजूत वर्गात नीट मांडली होती, तेही सांगितलं. मुलाला या बाबतीत वाट दाखवण्याचा आईवडिलांचा हक्क त्याच कराराच्या कलम १४ मध्ये आहे, तेव्हा त्यांचा राग मला गैर वाटला नाही. ते जरा निवळले, पण त्यांचं समाधान काही झालं नाही. "पुढच्या वेळी आधी आम्हाला कळवा," म्हणाले. मुलं असे प्रश्न आधी कळवून विचारत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. तरी त्या दिवशी वर्गात काय बोललं गेलं, याची चिठ्ठी मी सगळ्या पालकांना पाठवली.