जूनमधला आमचा पालक-मेळावा

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या विद्यालयात १५ जूनच्या सुमारास नवे वर्ष सुरू झाले की त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी पाचवी ते आठवीच्या पालकांचा मेळावा भरतो. नववी-दहावीच्या पालकांसाठी वेगळी सभा असते आणि तिला गर्दीही होते, कारण बोर्डाची परीक्षा डोळ्यांसमोर दिसत असते. परंतु माझ्या मते शाळेला पालकांची खरी गरज पाचवीपासूनच्या चार वर्षांत असते. आसपासच्या वाड्यांमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौथी करून आलेले मूल तोपर्यंत घराच्या हाकेच्या अंतरावर शिकलेले असते, एकाच गुरुजींना ओळखत असते, आणि इथे आल्यावर त्याला एकट्याने एस.टी. पकडायची असते, दर तासाला बदलणाऱ्या शिक्षकांची सवय करायची असते. मूल शाळेत नवे असते, तसेच त्याचे घरही शाळेला नवे असते. माझी मुलगी पाचवीत आली तेव्हा मी या मेळाव्याला प्रथम आले आणि पुढे शिक्षक-पालक संघाचे काम अंगावर घेतले. मुलगी आता महाविद्यालयात आहे, तरी मेळावा काही मला सोडवत नाही.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार हे सगळीकडे होते तसेच आमच्याकडेही होते. त्याविषयी सांगावे असे एवढेच की, नव्या मुलांना गुलाबपुष्प द्यावे असे शिक्षण खात्याच्या पत्रात लिहिलेले असले तरी आमच्याकडे जूनमध्ये परसातला अनंत फुललेला असतो आणि आठवीच्या मुली तोच आणतात. आठवीचा एकेक विद्यार्थी पाचवीच्या एकेका मुलाचा हात धरून त्याला वर्गापर्यंत नेतो आणि बाकावर ठेवलेला बालभारतीच्या पुस्तकांचा संच त्याच्या हाती देतो. आठवीपर्यंतच्या मुलांना ही पुस्तके मोफत मिळतात. २०२३ साली प्रत्येक धड्यानंतर नोंदींसाठी कोरी पाने जोडलेली पुस्तके आली होती, तेव्हा एका आजोबांनी ती पाने उलटून पाहत शाळेने अर्धवट छापलेली पुस्तके का दिली, अशी काळजीने चौकशी केली होती. वर्गशिक्षिकांनी त्यांच्या शेजारी बसून त्या पानांचा उपयोग समजावून सांगितला, आणि त्या आजोबांची नात वर्षाच्या अखेरीस सगळी पाने भरलेले पुस्तक घेऊन मला दाखवायला आली होती.

या मेळाव्यात मी ज्या गोष्टीची वाट पाहते ती म्हणजे पालकांचे मनोगत. आमच्याकडे रीत अशी आहे की, आदल्या वर्षी ज्यांचे पहिले मूल पाचवीत दाखल झाले त्यांच्यापैकी एकाने यंदाच्या नव्या पालकांशी बोलायचे. ही रीत आमच्या माजी मुख्याध्यापकांनी घातली. प्रमुख पाहुण्यांपेक्षा माणूस शेजाऱ्याचे अधिक ऐकतो असे ते म्हणत, आणि मला त्याचा प्रत्यय दरवर्षी येतो. बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा पहिल्यांदाच ध्वनिक्षेपकासमोर उभी असते. आवाज कापत असतो, पदराचे टोक बोटाला गुंडाळले जात असते, आणि तरीही त्या पाच-सात मिनिटांत जे बोलले जाते ते कोणत्याही व्याख्यानात ऐकायला मिळत नाही.

एका वर्षी बोलायला उभ्या राहिलेल्या आईची स्वतःची शाळा सातवीला सुटली होती, कारण पुढच्या वर्गासाठी नदीपलीकडे जावे लागे आणि पावसाळ्यात साकव वाहून जाई. लेकीला पहिल्या दिवशी गाडीत बसवून दिल्यावर ती सडकेवरच उभी राहिली होती आणि संध्याकाळची गाडी येईपर्यंत तिचे पेरणीसाठी भाजावळ केलेल्या शेताकडेही लक्ष लागले नव्हते. हे ती सांगत असतानाच पावसाची सर आली. आमच्या सभागृहाच्या भिंती जांभ्याच्या आहेत आणि वर पत्रे आहेत. मोठी सर आली की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. ती थांबली, पण जागेवर जाऊन बसली नाही. कागद नव्हता, तेव्हा खाली पाहण्यासारखेही काही नव्हते. ती समोरच्या बायकांकडे पाहत नुसती उभी राहिली आणि त्याही तिच्याकडे पाहत राहिल्या. सर ओसरल्यावर तिने जिथे सोडले होते तिथून वाक्य पूर्ण केले : “तर सांगायचे इतकेच, की गाडी संध्याकाळी परत येते. तुमचीही येईल.” पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. मीही पुसले.

दुसऱ्या एका वर्षी नातवाला सांभाळणाऱ्या आजी बोलल्या होत्या. मुलगा-सून मुंबईला होते. आपल्याला वाचता येत नाही, म्हणून नातू रोज रात्री शिकवलेले सारे तोंडी सांगतो आणि आपण ऐकतो, एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतरच्या वर्षी पाचवीच्या वर्गशिक्षिकांनी घरी कोणाला तरी रोज धडा सांगण्याचा गृहपाठच सुरू केला आणि तो आजही चालू आहे.

२०२० साली मेळावा झाला नाही. आमचे पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले ते थेट २७ जानेवारी २०२१ रोजी, आणि तेही पुन्हा बंद झाले. त्या वर्षी जुलैत चिपळूणला महापूर आला. पुढे ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागातल्या शाळा सुरू झाल्या तेव्हा भात कापणीला आले होते आणि पालकांना आवारात घेता येत नव्हते. तरीही कापणी टाकून आलेली माणसे गडग्याबाहेर अंतर राखून उभी राहिली. मनोगत कोणी केले नाही. पाचवीची मुले मुखपट्टी लावून एकामागून एक आत जात होती आणि बाहेरची माणसे प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून निरोप देत होती. तो मेळावा अहवालात नोंदवलेला नाही, पण माझ्या हिशेबी तो धरलेला आहे.

उपस्थितीविषयी मात्र मला बोलल्याशिवाय राहवत नाही. आया येतात, आज्या येतात, काकू-मावश्या येतात. वडील फार थोडे येतात. जूनच्या मध्यात पेरणीची घाई असते हे मी जाणते, पण ती घाई आयांनाही असते आणि त्या तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, कामे उरकून चिखलाच्या पायांनी येतात. मुंबईकर मंडळींचे आमच्या शाळेवर मोठे उपकार आहेत. वह्यांचे गठ्ठे दरवर्षी त्यांच्या ग्रामस्थ मंडळाकडून येतात आणि त्यात कधी खंड पडलेला नाही. परंतु ही मंडळी मे महिन्यात गावी असतात आणि शाळा उघडायच्या आत परत जातात. आपण दिलेली वही मुलाच्या हातात पडताना पाहायला त्यांच्यापैकी एकाने तरी रजा काढून यावे, अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे. आणि जे पाहुणे सत्कार झाल्यावर मनोगत सुरू होण्याआधीच उठून जातात, त्यांना पुढच्या वर्षी बोलावू नये असे मी सभेत दोनदा मांडले आहे.

मदत करणाऱ्यांची नावे छापली तर एखादे राहून जाईल, म्हणून कामानेच उल्लेख करते. आदल्या दिवशी सभागृह धुऊन सतरंज्या घालणारे शिपाईकाका. शाळेचा ध्वनिक्षेपक बिघडल्यावर देवळातला आणून देणारे गुरव. मुलींच्या मोफत पासाचे आणि मुलांच्या सवलतीच्या पासाचे अर्ज एका बैठकीत भरून घेणारे कार्यालयातले लिपिक. स्वागतगीत गणपतीत नाचल्या जाणाऱ्या जाखडीच्या चालीवर बसवून देणारे आणि गणपतीचे दिवस नसतानाही मृदंग बाहेर काढणारे वरच्या वाडीतले शाहीर. वाडीवाडीत निरोप पोहोचवणारे पोस्टमन. पोषण आहार शिजवणाऱ्या दोन्ही मावश्यांचे ऋण तर निराळेच. पाचवीच्या मुलामागे शंभर आणि सहावीपासून दीडशे ग्रॅम असा तांदळाचा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. त्या धान्याला हात न लावता पालकांच्या जेवणाचा तांदूळ त्या घरोघरी मागून वेगळा जमवतात आणि वेगळ्या टोपात शिजवतात. शिवाय ताटे घासणारी सातवीची मुले आहेत, परगावच्या पालकांसाठी साडेतीनची गाडी दोन मिनिटे थांबवणारे वाहक आहेत, आणि फुलांसाठी अनंताचे झाड वर्षभर राखणाऱ्या शाळेशेजारच्या काकू आहेत, ज्यांचा उल्लेख गेल्या वर्षीच्या आभारप्रदर्शनात राहून गेला होता.

यंदाच्या सभेत एक ठराव झाला आहे. पेरणीच्या घाईमुळे जे पालक येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी श्रावणातल्या एका रविवारी दुसरी बैठक घ्यायची, पाहुणे बोलवायचे नाहीत, सत्कार करायचे नाहीत, आणि फक्त मनोगते ठेवायची. त्या दिवशी पहिले मनोगत एका वडिलांनी करावे अशी विनंती मी केली असून, सहावीतल्या एका मुलाचे वडील, जे रिक्षा चालवतात आणि आजवर एकाही मेळाव्याला आलेले नाहीत, त्यांनी होकार कळवला आहे.